ढवळायचं नाई

आमच्या सरांनी आयुष्यात कधी चहासुद्धा ढवळला नाही. कपात साखर टाकायची आणि बसून राहायचं. पहिले घोट कडू, मधले बरे आणि शेवटचा असा की बघणाऱ्याचे दात शिरशिरावेत. चमचा बशीत कोरडाच राहायचा. कॅन्टीनवाला भाऊ वैतागून विचारायचा, "सर, मंग चमचा काऊन मागता?"

"राहू दे. जवळ असला पाहिजे. पन ढवळायचं नाई."

चंद्रपूरच्या एका कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. हाताखाली असं आपलं म्हणायचं, कारण सरांचा हात कुठे दिसतच नसे. मी काही विचारायला गेले की ते सगळं नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हाव. पाहा बरं काय होते ते." झालं मार्गदर्शन. दुसऱ्या विभागांतले गाईड आपल्या विद्यार्थ्यांची वाक्यं खोडायचे, आकडे तपासायचे, ओरडायचे. मला त्यांचा हेवा वाटे. आपल्यावर कुणी ओरडावं असं वाटायला लागणं ही काही चांगली अवस्था नव्हे.

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता. पाण्यात काही कण असे असतात की कुणी न सांगता, न ढकलता, आपले आपण गोळा होतात आणि घर करून राहतात. साबणाचे कण तसेच. या विषयावर सर दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक तास घ्यायचे आणि मागच्या बाकांवर आम्ही मोठीही जाऊन बसायचो.

"साबनाचा एक कन म्हंजे एक म्हैस समजा," सर सुरुवात करायचे. वर्ग हसायचा. सर मोहर्लीकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, लहानपण म्हशींमागे गेलेलं. हसण्याची त्यांना सवय होती. "हसा, हसा. तिच्या डोक्याले पानी आवडते, शेपटीले पान्याचा राग. आता आमच्या इकडं वाघाचा वास आला का म्हशी काय करतात? रिंगन धरतात. शिंगं बाहेर, शेपट्या आत, लहान वगारं मधात. कोन सांगते त्याहिले? गुराखी तं झाडावर चढून बसला असते."

मग ते खडूने फळ्यावर गोल काढायचे. बाहेरून टिंब, आतून शेपट्या. याला मिसेल म्हणतात, एवढंच पुस्तकी वाक्य त्या तासात यायचं. वगारांच्या जागी कपड्यावरचं तेल जाऊन बसतं आणि पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून कपडा स्वच्छ होतो.

"पन चार म्हशीनं रिंगन होत नाई. चार म्हशी पळून जातात. बऱ्याचशा लागतात. किती झाल्या म्हंजे रिंगन होते, थे मोजनं हाच आपला धंदा."

माझा धंदा तोच होता, फक्त म्हैस वेगळी होती. माझ्या वाट्याला आलेला पदार्थ साबणाचा लांबचा नातेवाईक, ब्लॉक कोपॉलिमर नावाचा. तीन तुकड्यांची लांब साखळी. दोन्ही टोकांना पाणी आवडतं आणि मधला तुकडा मात्र मोठा लहरी. पाणी थंड असेल तर त्याचं पाण्याशी जमतं. पाणी तापलं की तो तोंड फिरवतो, आणि मग साखळ्या त्याला आत लपवून रिंगण धरतात. सर त्याचा एक खेळ दाखवायचे. फ्रिजमधून परीक्षानळी काढायची, आत पाण्यासारखं पातळ द्रावण. ती एखाद्या मुलीच्या मुठीत द्यायची आणि दुसरंच काही बोलत राहायचं. थोड्या वेळाने म्हणायचे, "कर उलटी." पोरगी डोळे मिटून उलटी करायची. थेंबही पडत नसे. साखळ्यांचे गोळे एकमेकांना खेटून आतलं पाणी घट्ट झालेलं असायचं.

"सारी दुनिया गरमीनं पातळ होते, हे गरमीनं घट्ट होते," सर अभिमानाने सांगायचे. "आपल्या चंद्रपूरचंच आहे."

हे वर्गात ठीक होतं. पण सर हाच न्याय माणसांनाही लावायचे. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या ग्रुप फोटोचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी कुणालाही कुठे उभं राहा म्हणून सांगितलं नाही. सगळा स्टाफ भर उन्हात मैदानावर आणला आणि स्वतः बाजूला झाले. फोटोवाला म्हणाला, "सर, लाईन लावा ना."

"लागते, लागते."

लागली खरी. पाहता पाहता सगळा स्टाफ कडुनिंबाच्या सावलीत एकमेकांना खेटून गोळा झाला. सरांनी फोटोवाल्याला खूण केली. तो फोटो अजून ऑफिसात लटकतो आहे. त्यात प्राचार्य अर्धे खोडामागे आहेत आणि ग्रंथपाल बाईंचा फक्त पदर दिसतो.

आमच्या घरीही त्यांनी हा प्रयोग केला. आम्ही भद्रावतीचे. अब्बांचं शिवणकामाचं दुकान आहे, कारखान्याच्या कॉलनीतले लोक कपडे टाकतात. ईदला सर एसटीने आले, शीरखुर्मा खाल्ला, बिर्याणी खाल्ली, आणि हात धुवायला मागे गेले तर अम्मी मोठं भगोनं घासत बसलेली. सर तिथेच थांबले.

"बाई, घासू नका. गरम पानी टाका, थोडा साबन टाका आन् ठेवून द्या. तेल आपोआप निंगते."

अम्मीने वर पाहिलं. "सर, आपके घर में बर्तन कौन धोता है?"

"मीच धुतो. म्हंजे, ठेवून देतो."

पुढे बरेच दिवस आमच्या घरी कुणी काम टाळलं की अम्मी म्हणायची, "रहने दो, सर का तरीका चल रहा है."

सरांची एक सवय मात्र मला अजिबात सहन होत नसे. उन्हाळा लागला की ते डोक्याला पांढरा दुपट्टा बांधायचे. आमच्याकडे सगळेच बांधतात, त्यात विशेष नाही. पण सरांना तो दिवसभर ओला लागे, आणि तो भिजवायला समोर येईल ते पाणी चाले. कॅन्टीनची टाकी, झाडांची झारी, काहीही. प्रयोगशाळेत आले की माझ्या वॉटर बाथमध्ये. वॉटर बाथ म्हणजे पाण्याचा चौकोनी डबा, आत तापवणारी कॉइल. बाहेर एक चकती आणि शेजारी लाल दिवा; चकतीवर हवं ते तापमान लावायचं आणि आपल्या बाटल्या त्यात बुडवून ठेवायच्या. मी त्यात डिस्टिल्ड वॉटर भरून, झाकून, देवघरासारखा जपलेला. आणि सर सरळ झाकण काढून दुपट्टा बुडवायचे, पिळायचे, बांधायचे. एकदा मी रागाने झाकणावर 'हात लावू नये' असं लिहून चिकटवलं. सरांनी ते वाचलं, "अक्षर चांगलं आहे," म्हणाले आणि दुपट्टा बुडवला.

आता मुख्य गोष्ट.

जानेवारीत मी माझी सगळी मोजमापं केली. पदार्थाचं प्रमाण थोडं थोडं वाढवत न्यायचं आणि प्रत्येक बाटलीत एक तेलकट रंग टाकायचा, जो नुसत्या पाण्यात विरघळत नाही. रिंगण झालं की रंग आत जाऊन बसतो आणि पाणी रंगतं. ज्या प्रमाणाला रंग धरला, तो आपला आकडा. माझे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी छान जुळले. मी खूश झाले. सर म्हणाले, "अजून एकदा पाहा बरं." म्हणून एप्रिलमध्ये तेच सगळं पुन्हा केलं. तोच पदार्थ, तोच रंग, वॉटर बाथ त्याच पंचवीसवर.

आकडे पार कोसळले. जानेवारीत जेवढा पदार्थ लागला होता, त्याच्या कितीतरी कमी पदार्थात रंग धरला. मी बाटल्या बदलल्या, पदार्थाचा नवा डबा फोडला, रडले, पुन्हा केलं. तेच.

त्याच सुमारास विद्यापीठाची आढावा समिती आली. माझी मुदत आधीच एकदा वाढवून झालेली होती. समितीने नाही म्हटलं तर नोंदणी रद्द, एवढ्या वर्षांचं काम पाण्यात, आणि कॉलेजात मी तासिकेवर शिकवत होते तेही डळमळीत. अब्बा तर दुकानात येईल त्याला सांगून मोकळे झालेले, "बेटी डॉक्टर हो रही है." लोक त्यांच्याकडे तापाच्या गोळ्या विचारायला लागले होते.

प्राचार्यांच्या एसी केबिनमध्ये बैठक झाली. बाहेरून आलेले तज्ज्ञ वयस्कर, शांत, पण शब्दाला धार. त्यांनी माझे दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, यातला एक तक्ता खोटा आहे. कुठला, ते तुम्हीच सांगा."

"सर, दोन्ही मीच केलेत. दोन्ही खरे आहेत."

"तापमान तेच, पदार्थ तोच आणि उत्तरं दोन? रसायनशास्त्र महिना बघून बदलत नाही."

मी आमच्या सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. समितीने महिनाभराची मुदत दिली. तेवढ्यात खुलासा करा, नाहीतर आम्ही प्रतिकूल अहवाल देऊ.

मी प्रयोगशाळेत आले आणि टेबलावर डोकं ठेवून रडत बसले. थोड्या वेळाने सर आले. काही समजूत घालतील असं वाटलं. त्यांनी दुपट्टा सोडला, वॉटर बाथचं झाकण काढलं, दुपट्टा बुडवला आणि पिळून डोक्याला गुंडाळला.

"अवो बाई!" म्हणत त्यांनी तो झटक्यात काढला. "हे तं चटका देऊन राह्यलं!"

माझा तोल गेला. "सर, माझी नोंदणी रद्द होऊन राह्यली, आन् तुम्हाले दुपट्ट्याचं पडलं आहे!"

त्यांनी चकतीकडे पाहिलं. "पंचवीसच आहे ना? दिवा बी विझला आहे. मंग पानी पंचवीस." एवढं बोलून ते गेले. ओला दुपट्टा खांद्यावर, चालताना टपटप पाणी सांडत.

मी डोळे पुसले आणि त्या लाल दिव्याकडे पाहिलं. दिवा पेटलेला म्हणजे कॉइल तापवते आहे, विझला म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचलं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. जानेवारीत तो पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. एप्रिलमध्ये मी तो एकदाही पेटलेला पाहिला नव्हता. मी ड्रॉवरमधून थर्मामीटर काढला आणि पाण्यात धरला.

एक्केचाळीस.

ते यंत्र पाणी फक्त तापवू शकत होतं. गार करणं त्याला येतच नव्हतं. ज्यांनी ते बनवलं, त्यांच्या गावात खोली पंचवीसच्या वर जात नसावी. आमच्या खोलीत बाहेरचं ऊन भिंतीतून आत यायचं, पाणी खोलीएवढं तापायचं, कॉइलला काही कामच उरायचं नाही, आणि मी विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवून सगळीकडे पंचवीस लिहीत होते. हाताला कसं कळलं नाही म्हणाल, तर एप्रिलमध्ये आमच्याकडे नळालासुद्धा गरम पाणीच येतं. गार पाणी लागलं तर माणूस दचकतो, गरम पाण्याकडे कोण लक्ष देतो?

आणि माझा पदार्थ तर तापला की गोळा होणारा. एक्केचाळीसला थोड्याच पदार्थात रिंगण होणार नाही तर काय! दोन्ही तक्ते खरे होते. रसायनशास्त्र महिना बघूनच बदललं होतं. मी खुर्चीवर बसले आणि एकटीच हसत सुटले.

मी धावत सरांकडे गेले. ते कॅन्टीनमध्ये न ढवळलेला चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही.

"मी आजच समितीला लिहून पाठवते," मी म्हटलं.

"लिहू नोको. लिहिलं का मानूस चुका काढते. येऊ दे त्याहिले. पाहा बरं काय होते ते."

ह्या वेळी मात्र ते वाक्य ऐकून मला घाम फुटला. माणूस शोध लागल्यावरही म्हशी आपोआप गोळा व्हायची वाट बघत बसणार! तरी मी त्यांचं ऐकलं. मधल्या दिवसांत थर्मामीटर पाण्यात ठेवून सगळी मोजमापं पुन्हा केली. आईसकांडीवाल्याकडून बर्फ आणून पाणी पंचवीसला उतरवलं, तर जानेवारीचे आकडे परत आले. बर्फ संपला की एप्रिलचे. मी खात्रीने उभी राहू शकत होते. पण खरं असणं वेगळं आणि समितीला पटणं वेगळं.

मेमध्ये समिती पुन्हा आली, ती भर दुपारी. प्राचार्यांनी केबिनमध्ये सरबत मांडलेलं. सर पुढे होऊन म्हणाले, "बैठक लॅबमधी घेऊ. यंत्रं तिथीच आहेत." सगळे निमूटपणे आमच्या प्रयोगशाळेत आले. आत भट्टी. कोपऱ्यात त्याच आठवड्यात बसवलेला कूलर होता, पण बंद.

"मोटर गेली का?" प्राचार्यांनी कपाळ पुसत विचारलं.

"चालत नाईये," सर म्हणाले.

तज्ज्ञांनी खुलासा मागितला. मी तोंड उघडलं, तोच सरांनी बर्फाच्या थर्मासमधून एक परीक्षानळी काढून तज्ज्ञांच्या हातात दिली. "धरा जरा. गार वाटन."

त्या उकाड्यात कुणाला ती नको होती? तज्ज्ञांनी ती तळहातात घट्ट धरली, एकदा गालालाही लावली. मी तक्ते समजावायला लागले. ते ऐकत होते, घाम पुसत होते, नळी या हातातून त्या हातात घेत होते. बोलता बोलता त्यांनी कागदाकडे बोट दाखवायला हात वळवला आणि नळी आडवी झाली. कागद भिजतील म्हणून मी पुढे झेपावले.

काही सांडलं नाही. तज्ज्ञ थांबले. त्यांनी नळी पूर्ण उलटी केली. आतलं द्रावण जागचं हललं नाही.

त्यांनी उलट्या नळीकडे पाहिलं, मग बंद कूलरकडे. मग ते उठून वॉटर बाथपाशी गेले, चकतीवरचे पंचवीस वाचले, विझलेला दिवा पाहिला, आणि माझी 'हात लावू नये'ची चिठ्ठी बाजूला सारून सरळ बोट पाण्यात घातलं. लगेच बाहेर काढलं.

"मॅडम," ते वळून म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले, "ह्या खोलीचं तापमान किती हो?"

मी बर्फातले आणि बर्फाशिवायचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले. "पंचवीस कशावरून, हे मीसुद्धा मागच्या खेपेला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "खोटा तक्ता एकही नाही. हिवाळा ते उन्हाळा अशी मधली तापमानंही मोजा, त्याचंच एक प्रकरण होईल. अहवाल अनुकूल देतो. आणि आता कृपा करून कुणीतरी मला ह्या खोलीतून बाहेर काढा."

सगळे हसत केबिनकडे गेले. मी स्टुलावर बसले. अब्बांना फोन लावला. "हो गया," एवढंच म्हणू शकले. पलीकडे अब्बांचं शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

फोन ठेवला तर सर कोपऱ्यात उभे. त्यांनी भिंतीवरचं बटन दाबलं. कूलर घरघरला आणि ओल्या वाळ्याचा गार झोत सगळ्या खोलीत पसरला. मोटर अगदी ठणठणीत होती.

"सर! तुम्ही तर म्हणता, ढवळायचं नाई!"

"कुठी ढवळलं?" सर म्हणाले. "थोडं तापवलं फक्त."

मग त्यांनी सवयीने दुपट्टा सोडला आणि वॉटर बाथचं झाकण काढायला हात घातला. मी तो दुपट्टा त्यांच्या हातातून घेतला. ते दचकले, त्यांना वाटलं मी पुन्हा रागावले. थर्मासमध्ये तज्ज्ञांच्या नळीचा बर्फ वितळून गार पाणी राहिलेलं होतं. मी त्या पाण्यात दुपट्टा नीट भिजवला, पिळला, आणि माझ्या हाताने त्यांच्या डोक्याला बांधला.